जबाबदार नवोपक्रमाची चौकट : एक चिकित्सा

तंत्रज्ञान बाल्यावस्थेत असते तेव्हा त्याचे परिणाम कळत नाहीत. ते कळू लागतात तेव्हा तंत्रज्ञान समाजात इतके रुजलेले असते की त्याला वळण लावणे अवघड जाते. डेव्हिड कॉलिंग्रिज यांनी १९८० साली मांडलेला हा पेच नवोपक्रमांच्या नियमनावरील विद्यापीठीय संशोधनाला आजही सुटलेला नाही. जॅक स्टिलगो, रिचर्ड ओवेन व फिल मॅकनॉटन यांचा ‘रिसर्च पॉलिसी’ या नियतकालिकातील २०१३ चा लेख हा त्यावरील बहुचर्चित उतारा होय. पूर्वानुमान, आत्मपरीक्षण, समावेशन व प्रतिसादक्षमता ही त्यांच्या चौकटीची चार अंगे.

लेखाचे खरे मोल मात्र या चार संज्ञांपेक्षा त्यातील ‘स्पाइस’ प्रकल्पाच्या हकिकतीत आहे. वातावरणाच्या वरच्या थरात कण सोडून सूर्यप्रकाश परावर्तित करता येईल काय, याचा शोध ब्रिटिश विद्यापीठे घेत होती. त्यासाठी सुमारे एक किलोमीटर उंचीवर फुगा बांधून नळीवाटे केवळ पाणी फवारण्याची चाचणी योजली होती. अनुदान देणाऱ्या परिषदांनी तीवर पाच निकषांची चाळणी लावली. २०११ मध्ये परीक्षक मंडळाला सुरक्षितता व नियमपालन यांत उणीव आढळली नाही. उद्दिष्टांचा खुलासा, भावी उपयोगांचा विचार आणि लोकमताचा अदमास यांबाबत काम अपुरे ठरले. चाचणी लांबली आणि मे २०१२ मध्ये प्रकल्पप्रमुखांनीच ती रद्द केली. नियमनाच्या अभावाबरोबरच प्रकल्पाशी संबंधित काहींचा पेटंट अर्ज हे त्याचे कारण होते.

येथेच चौकटीची मर्यादा उघड होते. हितसंबंधांचा हा प्रश्न पाच निकषांच्या जाळ्यात आधी सापडला नव्हता. शिवाय चाळणीला धार होती ती आत्मपरीक्षणामुळे नव्हे, तर पैशाची किल्ली परिषदांच्या हाती होती म्हणून. थांबवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला चार अंगांपैकी एकही थेट भिडत नाही. चौकट मांडणारे अभ्यासक त्या चाळणीच्या प्रक्रियेत स्वतः सहभागी होते, हेही मूल्यमापन करताना विसरता येत नाही. (त्यांनी ते लपवलेले नाही, हे नमूद करणे न्याय्य.)

भारतातील बीटी वांग्याचे प्रकरण या कसोटीवर ताडून पाहण्याजोगे आहे. जालन्याच्या ‘महिको’सह धारवाड व कोइम्बतूर येथील कृषी विद्यापीठे त्यात भागीदार होती. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्रीय जनुकीय समितीने लागवडीला मान्यता दिली. नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या त्या त्यानंतर, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती जाहीर केली. समावेशन येथे झाले, किंबहुना ब्रिटनपेक्षा अधिक गजबजाटात झाले. पण बियाणे तयार झाल्यावर. प्रयोगशाळेच्या दाराशी शेतकऱ्याला कोणी विचारले, या प्रश्नावर स्टिलगो आदींच्या चौकटीतून स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा, आणि तो कृषी विद्यापीठांतूनच झाला तर अधिक बरे.