तार, भोपळा आणि वादक : मराठी संगीतसमीक्षेतील एक उपेक्षित नाते

प्रास्ताविक

मराठीतील संगीतविषयक लेखनाची परंपरा समृद्ध आहे. गोविंदराव टेंबे यांचे 'माझा संगीत व्यासंग' (१९३९), वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी' (१९६१) आणि अशोक रानडे यांचे 'लोकसंगीतशास्त्र' (१९७५) ही या परंपरेतील महत्त्वाची ठिकाणे होत. या लेखनाने मराठी वाचकाला गाणे ऐकण्याची दृष्टी दिली, घराण्यांचे भेद समजावून दिले आणि संगीतचर्चेसाठी एक परिभाषाही घडविली. तथापि, तंतुवाद्य हाती घेणारा माणूस आणि त्याचे वाद्य यांच्यातील नाते या परंपरेच्या केंद्रस्थानी क्वचितच आलेले दिसते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, आपल्या समीक्षेने वादकाची ओळख मुख्यत्वे स्वतंत्र वादनातील प्रावीण्य या एकाच निकषावर ठरविली. त्यामुळे तानपुरा छेडणारा, दिंडीत वीणा वाहणारा, गोंधळात तुणतुण्यावर सूर धरणारा आणि जवारी लावणारा कारागीर हे सर्व तिच्या कक्षेबाहेर राहिले. वास्तविक, वाद्याशी असलेल्या नात्याची सर्वांत खोल रूपे याच मंडळींच्या जीवनात आढळतात.

या विवेचनासाठी माढा परिसर हा सोयीचा बिंदू आहे. भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेल्या या तालुक्याच्या एका अंगाला पंढरपूर आहे, तर दुसरीकडे तुळजापूर फारसे दूर नाही. एकीकडून वारकऱ्याची वीणा आणि दुसरीकडून गोंधळ्याचे तुणतुणे येथवर पोहोचते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना लागणारा भोपळाही सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या भीमाकाठच्या पट्ट्यातूनच जातो. कुर्डुवाडी हे माढा तालुक्यातील गाव १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे केंद्र होते. ही अरुंद रुळांची वाट पुढे पंढरपूरमार्गे १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. म्हणजेच भोपळा पिकविणारा प्रदेश आणि त्याला स्वर देणारे नगर हे भूगोलानेच परस्परांशी बांधलेले आहेत. संगीतसमीक्षेने मात्र या भूगोलाची दखल अद्याप पुरेशी घेतलेली नाही.

भोपळ्यापासून जवारीपर्यंत

मिरजेतील तंतुवाद्यनिर्मितीचा आरंभ सामान्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मानला जातो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांचे नाव या परंपरेचे आद्य कारागीर म्हणून घेतले जाते. राज्ये गेली, शस्त्रांची मागणी ओसरली आणि धातू ओळखणारे हात तारेकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने मिरजेत आलेल्या गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता हा व्यवसाय उभा राहिला. पुढे या घराण्यांनी 'सतारमेकर' हे आडनावच धारण केले. व्यवसायाने आडनाव द्यावे ही गोष्ट महाराष्ट्रात नवी नाही. पण येथे वाद्याने माणसाला नाव दिले, हे लक्षणीय आहे.

तानपुऱ्याची घडण पाहिली म्हणजे या नात्याचे स्वरूप स्पष्ट होते. वेलीवर वाढणारा कडू भोपळा बुडाशी रुंद आणि गोल व्हावा म्हणून शेतकरी त्याच्या ठेवणीकडे लक्ष देतो. काढणीनंतर तो काही महिने वाळतो. त्यानंतर कारागीर तो कापतो, भिजवून हव्या त्या आकारात आणतो आणि त्याला तुणीच्या लाकडाची तबली व दांडी जोडतो. नक्षीकाम आणि रोगण झाल्यावर खुंट्या, मणी, घोडी आणि तारा यांची पाळी येते. सर्वांत अखेरचे आणि सर्वांत कठीण काम जवारीचे. घोडीचा पृष्ठभाग कानसेने किंचित वक्र केला जातो आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवून झंकार खुलविला जातो. येथे मापपट्टीचा उपयोग नाही, कारागिराचा कान हेच माप. तार वर्षानुवर्षे घोडी झिजवीत राहते, म्हणून जवारी पुन्हा पुन्हा लावावी लागते आणि गायक पुन्हा पुन्हा कारागिराकडे येतो. हे नाते खरेदीपाशी संपत नाही.

या जवारीचे शास्त्रीय महत्त्व सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात दाखवून दिले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे ज्या उपस्वरांची कंपनशून्य स्थाने येतात ते उपस्वर एरवी ऐकू येऊ नयेत, असा प्रस्थापित नियम होता. तानपुरा आणि वीणा यांत मात्र ते स्पष्ट ऐकू येतात, आणि याचे कारण घोडीच्या वक्र पृष्ठभागात आहे. आपल्या गायकांना ही गोष्ट वेगळ्या भाषेत ठाऊक होती. खर्जाची तार उत्तम मिळाली की जो गंधार आपोआप उमटतो, त्याला त्यांनी 'स्वयंभू गंधार' म्हटले. भौतिकशास्त्रज्ञाचा उपस्वर आणि गायकाचा स्वयंभू स्वर एकच. परंतु तो 'स्वयंभू' ठरण्यामागे एका माणसाची कानस आणि दुसऱ्याची खुंटीवरची बोटे असतात, हे त्या शब्दात झाकले जाते. संगीतसमीक्षेनेही बऱ्याच अंशी हेच केले आहे.

मागे बसणारा वादक

मैफिलीतील तानपुरावादकाचे स्थान पाहावे. तो गायकाच्या मागे बसतो. बहुधा तो शिष्य किंवा शिष्या असते. कार्यक्रमपत्रिकेत तबला आणि संवादिनी वाजविणाऱ्यांची नावे येतात, तानपुऱ्याची अनेकदा येत नाहीत. वामनराव देशपांडे यांच्या 'आलापिनी' या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद 'दोन तानपुऱ्यांच्या मध्ये' अशा अर्थाच्या शीर्षकाने प्रसिद्ध झाला. हे शीर्षक आपल्या मांडणीचे नेमके चित्र आहे. दोन तानपुऱ्यांच्या मध्ये कोण बसतो हे आपण विचारतो, ते तानपुरे कोणाच्या हाती आहेत हे विचारीत नाही.

'घरंदाज गायकी'मध्ये देशपांडे यांनी स्वर आणि लय या दोन टोकांदरम्यान घराण्यांची मांडणी केली आणि किराणा घराण्याला स्वराच्या टोकाशी ठेवले. ही मांडणी आजही उपयुक्त आहे. मात्र स्वराला इतके सर्वस्व मानणारी गायकी कोणत्या वाद्यसंस्कारातून घडली, हा प्रश्न तिला पूरक म्हणून विचारला पाहिजे. किराणा परंपरा आपले मूळ बीनकार बंदे अली खाँ यांच्यापर्यंत नेते. त्याच परंपरेतील अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) मिरजेत स्थायिक झाले. गायक म्हणून ते विख्यात झाले, पण तंतुवाद्यांची त्यांना उत्तम जाण होती आणि वाद्ये दुरुस्त करण्याचे कौशल्यही त्यांच्या अंगी होते. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या श्रुतिसंशोधनात त्यांनी सहकार्य केले, तेही याच सूक्ष्म कानाच्या बळावर. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेतील सिंगपेरुमलकोइल स्थानकावर त्यांचे निधन झाले. प्रकृती बिघडल्याचे जाणवताच त्यांनी तानपुरा मिळवून घेतला आणि दरबारीच्या स्वरांत प्रार्थना केली, असे सांगितले जाते. मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले.

येथे एक रूढ गृहीतक तपासून पाहणे आवश्यक ठरते. सतार, सारंगी किंवा व्हायोलिन उत्तम वाजले की आपण त्यास 'गायकी अंगाचे' म्हणून गौरवितो. म्हणजे वाद्याने कंठाचे अनुकरण करावे, ही प्रशंसेची परमावधी. गजाननराव जोशी आणि डी. के. दातार यांच्या व्हायोलिनवादनाचा गौरवही बव्हंशी याच शब्दांत झाला. परंतु किराणा गायकीच्या बाबतीत प्रवास उलटही झालेला दिसतो. तेथे बीनेच्या दीर्घ, अखंड, मींडयुक्त स्वराने कंठाला वळण दिले. तंतुवाद्य हे कंठाचे केवळ अनुकरण करीत नाही, ते कंठाला शिकवितेही. एवढे मान्य केले तरी 'साथीचे वाद्य' या पदाचा अर्थ बदलतो.

वाहणारा वादक

आता मैफिलीकडून दिंडीकडे वळू. माढा तालुक्यातील अरण हे संत सावता माळी यांचे गाव, त्यांची समाधीही तेथेच. आषाढीनंतर स्वतः पांडुरंगाची पालखी सावतोबांच्या भेटीस येते, अशी येथील परंपरा आहे. अशा प्रदेशात वीणा हे केवळ वाद्य राहत नाही.

वारकरी दिंडीत पुढे पताकाधारी, मागे टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग आणि त्याबरोबर विणेकरी अशी रचना असते. विणेकरी कोणतेही स्वतंत्र वादन करीत नाही. तो तारा छेडून सूर कायम ठेवतो, एवढेच त्याचे सांगीतिक कार्य. तरीही दिंडीची शिस्त त्याच्याभोवती फिरते. अभंग केव्हा उचलायचा, केव्हा थांबायचे, हे त्याच्या संमतीने ठरते. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही. पहारा बदलताना ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि देणारा व घेणारा परस्परांच्या पाया पडतात. ज्याच्या गळ्यात वीणा आहे, त्याचे वय, जात वा शिक्षण त्या क्षणी पाहिले जात नाही.

सांगीतिक कार्याच्या दृष्टीने पाहता तानपुरावादक आणि विणेकरी एकच काम करतात : आधारस्वर अखंड ठेवणे. मिरजेच्या कारागिरांकडे तानपुऱ्याबरोबर भजनी वीणाही तयार होते. वाद्यकुल एक, कार्य एक, पण एक वादक मागे बसतो आणि अनामिक राहतो, दुसरा मध्यभागी उभा राहतो आणि वंदनीय ठरतो. हा फरक प्रावीण्याचा नाही. समाजाने त्या वाद्याशी कोणते नाते मान्य केले, याचा तो फरक आहे.

गोंधळ्याच्या तुणतुण्याची कथा आणखी वेगळी. लाकडी नळकांड्याच्या बुडाला चामडे, बाजूला काठी आणि खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. संबळाच्या दणदणाटात ही तार सूर आणि लय दोन्ही सांभाळते. रा. चिं. ढेरे यांनी 'मराठी लोकसंस्कृतीचे उपासक' (१९६४) या ग्रंथात गोंधळी, वासुदेव आदी उपासकांचा साक्षेपी परिचय करून दिला. तेथे वादक दिसतो तो विधीचा कर्ता म्हणून. भाषेने मात्र या वाद्यास न्याय दिलेला नाही. 'सूर जुळणे', 'तार जुळणे' हे आपल्याकडे गौरवाचे शब्दप्रयोग, पण 'तेच ते तुणतुणे वाजविणे' ही हेटाळणी. ज्या सातत्यासाठी तानपुऱ्याची स्तुती होते, त्याच सातत्यासाठी तुणतुण्याची थट्टा होते. वाद्यांची ही सामाजिक उतरंड आपल्या समीक्षादृष्टीतही झिरपलेली आहे.

एक आक्षेप आणि आजचा प्रश्न

या मांडणीवर असा आक्षेप संभवतो की, कलासमीक्षेने कलेचे मूल्यमापन करावे. विणेकऱ्याची श्रद्धा वा कारागिराचे कष्ट हे समाजशास्त्राचे विषय होत. या आक्षेपात तथ्य आहे. केवळ श्रद्धेने बेसूर वीणा सुरेल होत नाही, आणि परंपरेच्या कौतुकापायी सदोष जवारी खपवून घेणे हे समीक्षेचे काम नव्हे. परंतु येथे मूल्यमापन सोडण्याची मागणी नाही, त्याची व्याप्ती वाढविण्याची आहे. तानपुरा नीट मिळणे हीसुद्धा एक सिद्धी आहे. ती ऐकता येते, तिच्यातील उणीव दाखविता येते, म्हणजेच ती समीक्षेचा विषय होऊ शकते.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार झाला. आता तो मोबाइलमध्ये सामावला आहे. एकट्याने रियाज करणाऱ्या, ग्रामीण भागात वाद्य विकत घेऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा मोठा आधार झाला, हे निःसंशय. परंतु तानपुरा म्हणजे केवळ एक ध्वनी असे मानले, तर यंत्र पुरेसे ठरते आणि मिरजेची जवारी अनावश्यक. तानपुरा म्हणजे स्वर मिळविण्याची, ऐकण्याची आणि दुसऱ्यासाठी आधार होण्याची साधना असे मानले, तर यंत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. यांपैकी कोणते उत्तर समाज स्वीकारील, हे बऱ्याच अंशी समीक्षेने त्याला काय ऐकावयास शिकविले यावर अवलंबून आहे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. ही स्वागतार्ह घटना आहे. तथापि, मानांकन वस्तूचे नाव जपते, तिच्याशी असलेले नाते जपण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. उजनी धरणानंतर भीमेच्या खोऱ्यात ऊस हे हमखास पीक झाले. अशा काळात भोपळ्यासाठी रान राखणे हा शेतकऱ्याचा निर्णय आहे, आणि त्या निर्णयावर उद्याच्या मैफिलीचा षड्ज अवलंबून आहे. मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या सावतोबांच्या प्रदेशात ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये.

निष्कर्ष

१. मराठी शास्त्रीय संगीतसमीक्षेने गायकास आणि स्वतंत्र वादकास केंद्र मानले. लोकसंस्कृतीच्या अभ्यासाने वादकास विधीच्या संदर्भात पाहिले. या दोन अभ्यासधारांची गाठ पडणे आवश्यक आहे.

२. तंतुवाद्याशी असलेले नाते वादनापुरते सीमित नाही. पिकविणे, घडविणे, मिळविणे, वाहणे आणि सूर धरणे ही त्याची तितकीच महत्त्वाची रूपे आहेत.

३. 'गायकी अंग' हा निकष एकेरी आहे. तंतुवाद्याने कंठसंगीतास दिलेल्या वळणाचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा.

४. महाविद्यालयांतील संगीत, मराठी, भूगोल आणि पदार्थविज्ञान या विभागांनी एकत्र येऊन भीमाकाठ ते मिरज या पट्ट्यातील शेतकरी, कारागीर, विणेकरी आणि गोंधळी यांच्या मुलाखती व ध्वनिमुद्रणे संकलित करावीत. यातील अनेक जाणकार वृद्ध आहेत. जवारी लावणाऱ्याचा कान ग्रंथात उतरत नाही, तो शेजारी बसूनच शिकावा लागतो. म्हणून हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.