साखळीची दुकाने आणि आपला वाचक

पुस्तकांच्या मोठ्या साखळी-दुकानांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात हळहळ फार असते. छोटा विक्रेता संपला, आता वाचनसंस्कृतीचे काय, असा एकूण सूर. २०१२ साली पुण्याच्या कॅम्पातले 'मॅनीज' बंद झाले तेव्हाही तो ऐकू आला. ही हळहळ खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु ती कोणाची आहे, हे विचारलेच पाहिजे. ज्यांच्या घरात आजोबांपासून पुस्तकाचे कपाट होते, त्यांना विक्रेता नावाने ओळखत होता. माझ्या वडिलांना पुस्तकाच्या दुकानात कोणी ओळखत नव्हते.

'क्रॉसवर्ड'चेच उदाहरण घेऊ. १९९२ साली मुंबईत एक दुकान निघाले. त्याच्या शहरोशहरी शाखा झाल्या, १९९८ पासून त्याच्या नावाचा साहित्य पुरस्कार सुरू झाला. पुढे ही साखळी 'शॉपर्स स्टॉप' या बड्या कंपनीच्या मालकीची झाली. २०२१ मध्ये पुण्यातल्या एका व्यापारी कुटुंबाने ती सुमारे ४२ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. हे कुटुंब आधीपासून तिच्याच पुण्यातल्या शाखा चालवीत होते. शेजारी खेळणी, वह्या आणि भेटवस्तू मांडून पुस्तक विकायचे, ही या व्यापाराची रीत. तिची टिंगल करणे सोपे आहे.

टिंगल करण्यापूर्वी जुने दुकान आठवावे. अप्पा बळवंत चौकात मी शाळकरी वयात गेलो, तेव्हा मधे फळी होती. अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे पुस्तके. नाव सांगायचे, मग पुस्तक हाती यायचे. ज्याच्या घरात पहिल्यांदाच अक्षर आले, त्याला पुस्तकाचे नाव ठाऊक कसे असणार? मी 'गाईड द्या' म्हणालो, कारण तेवढेच नाव मला येत होते. साखळी-दुकानांनी ही फळी काढली. कोणीही आत यावे, पुस्तक हातात घ्यावे, चाळावे, न घेता परत ठेवावे. ज्या समाजाला स्पर्शाचा इतिहास माहीत आहे, त्याने ही गोष्ट क्षुल्लक मानू नये. प्रस्थापित समीक्षकांना ती दिसत नाही, कारण त्यांच्या बोटांना मनाई कधी नव्हतीच.

मग अडते कुठे? मी कात्रजला शिकवतो. माझे बरेच विद्यार्थी भोरकडून बोगदा ओलांडून एस.टी.ने येतात. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने पार शनिवारवाड्यापर्यंत नेले गेले. शहरातले पुस्तक मात्र कात्रजच्या दिशेने येताना गाईड आणि 'अपेक्षित'च्या रूपातच येते. म्हणून मी द्वितीय वर्षाच्या वर्गाला सांगितले, शहरातल्या एखाद्या मोठ्या दुकानात जा आणि एक पुस्तक पाहून या. एक मुलगी परत आली ती गप्प होती. तिला तिथे बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' दिसले होते, इंग्रजीत. मराठी प्रत आहे का, असे तिने विचारले. संगणकावर नाव सापडले नाही. मला म्हणाली, "सर, पुस्तक आपलंच, पण मला वाचता येईना."

या वाक्यावर मी बराच काळ अडलो आहे. फलटणच्या बेबीताईंचे छोटे दुकान होते. माल बांधायला आणलेली रद्दी त्या दुकानात बसून वाचत आणि नवऱ्यापासून लपवून लिहीत. १९८६ साली ते पुस्तक झाले. २००८ मध्ये माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेले. अनुवादाचे मोल मी नाकारत नाही. बामा यांच्या 'करुक्कु'ला २००० चा क्रॉसवर्ड पुरस्कार मिळाला तोही लक्ष्मी होल्मस्ट्रॉम यांच्या इंग्रजी अनुवादामुळेच. पण बाजार दलित साहित्याला दार उघडतो ते इंग्रजीच्या अटीवर, हेही यातून दिसते. आपली व्यथा तिथे जाते, आपला वाचक दाराबाहेर राहतो.

याला कोणाचा दुष्टावा लागत नाही. मोठा विक्रेता घसघशीत कमिशन मागतो, माल उधारीवर घेतो, न खपलेला परत करतो. हजार प्रती काढणाऱ्या आपल्या प्रकाशकाला हे झेपावे कसे? त्यातून चैत्यभूमीवर दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या पुस्तिकेवर पट्ट्यांचा सांकेतिक छाप नसतो. तो नसला की त्या दुकानाच्या यंत्राच्या लेखी ती पुस्तिका जन्मालाच आलेली नसते.

आणि तरीही आपले पुस्तक खपत आलेले आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने परिषद रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी १९३६ साली ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. कोणती साखळी होती तेव्हा? 'सुगावा'च्या विलास वाघांनी (ते २०२१ मध्ये गेले) सदाशिव पेठेत बसून वर्षानुवर्षे परिवर्तनाची पुस्तके काढली. उघड्या फडताळाची पद्धत आपल्याला कोणी शिकवायला नको होती. ६ डिसेंबरला दादरला सतरंजीवर मांडलेले पुस्तक सगळ्यांच्या हाताला लागते, निरक्षर बाईच्याही. ती ते लेकासाठी घेऊन जाते.

पण सतरंजी गुंडाळली जाते. दादर, दीक्षाभूमी, भीमा कोरेगाव, १४ एप्रिल. उरलेल्या दिवसांचे काय? शासनाकडे बोट दाखवता येईल. १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली जे निघू लागले, त्या बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडली, म्हणून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ते बोट दाखवलेच पाहिजे. पण जयंतीच्या मंडपाला आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतींना आपल्याच वस्त्यांतून जी वर्गणी जमते, तिच्या एका हिश्श्यात कात्रज चौकातल्या एका गाळ्याचे वर्षाचे भाडे निघणार नाही काय? साखळीच्या वाढीवर टीका करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा हिशेब एकदा मांडावा. मी गेल्या वर्षी एका बैठकीत मांडला. चहा आला आणि विषय बदलला.

त्या मुलीला मी माझी 'जिणं आमुचं'ची प्रत दिली. ती अजून परत आलेली नाही. आधी तिच्या आईने ऐकली, मग मावशीकडे गेली, आता भोर तालुक्यात तिसऱ्या घरी आहे, असे कळते.