वेताळाचा मुखवटा आणि भीमाची तहान

१९६४ साली सुरू झालेली 'इंद्रजाल कॉमिक्स' १९९० मध्ये बंद पडली; परंतु नांदेड-लातूरकडील आमच्या पिढीच्या मनातून मुखवटाधारी वेताळ काही हलला नाही. ली फॉक यांचा हा मानसपुत्र मराठीही बोलू लागला होता. त्याच्या कवटीच्या अंगठीचे आकर्षण मी नाकारीत नाही. मात्र अरण्यातील माणसांना एकवीस पिढ्या गोरा रक्षक लागावा, हे गृहीतक आज बोचते.

नवयान या छोट्या प्रकाशनसंस्थेच्या 'भीमायन' (२०११) मध्ये असा त्राता नाही. दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी ठरीव चौकटीच मोडल्या आहेत. (गोंड परंपरा किनवटच्या वाचकांना परकी नाही.) १९०१ साली मसूर स्थानकावर उतरलेल्या बाल भीमरावाची तहान त्यांनी रंगविली आहे. दुखविणाऱ्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी. सोसणाऱ्यांच्या शब्दांना पक्ष्याचा आकार!

बसथांब्यावरील आधुनिक संवादाची जोड तेवढी प्रवचनासारखी वाटते. अर्थात ही तक्रार आम्हां प्रवचनकारांच्या मुखी शोभत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. तेव्हा घागर घेऊन रांगेत उभे राहिलेल्यांस तहान शिकवावी लागत नाही. पण पाणी समोर असून ते नाकारले जाणे, हे दुःख निराळे. म्हणूनच १९२७ च्या महाडच्या सभेचे चित्र मी पुनःपुन्हा उघडतो : त्यात ध्वनिक्षेपकांच्या कर्ण्यांतून जमावावर पाण्याचे तुषार उडत आहेत.