वॅटचे आकडे आणि कानाची साक्ष

घरातला संगीतसंच चांगला वाजत असला, तरी हौशी माणसाला लवकरच सल्ला मिळतो : "पॉवर अ‍ॅम्प्लिफायर बदला, मग बघा!" हाय-फाय यंत्रांच्या समीक्षांतही हाच सूर असतो. नव्या यंत्राने आवाज मोकळा झाला, खर्जाला वजन आले, गायिका समोर येऊन बसली, असे वर्णन त्यांत वाचायला मिळते. वर्णन सुरेख असते, पण त्यातून काय सिद्ध होते? शाळेत ध्वनी आणि विद्युत शक्ती शिकवणाऱ्यांनी हा प्रश्न विचारायलाच हवा. आपण वर्गात शिकवलेले भौतिकशास्त्र विद्यार्थ्याच्या उपयोगी पडते की नाही, हे दुकानात खोक्यावरचे आकडे वाचताना कळते.

प्रथम वॅट पाहू. 50 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर काढून 100 वॅटचा बसवला, तर आवाज दुप्पट होईल, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात शक्ती दुप्पट झाली की पातळी केवळ 3 डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण 10 डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. आता एक सामान्य स्पीकर घ्या. 1 वॅट दिल्यावर 1 मीटर अंतरावर तो 88 डेसिबलची पातळी देतो, असे समजू. 3 मीटरवर, मोकळ्या जागेच्या हिशेबाने, ती सुमारे 78 डेसिबल होते. खोलीच्या भिंतींमुळे ती प्रत्यक्षात थोडी अधिकच राहते. म्हणजे घरात पुरेशा मोठ्या आवाजात ऐकतानाही सरासरी शक्ती 1 वॅटच्या आसपास असते. तबल्याची थाप क्षणभर 15 डेसिबलने वर गेली, तर त्या क्षणापुरते सुमारे 32 वॅट लागतात. तेव्हा 50 वॅटवाल्याला यंत्र बदलायला सांगणाऱ्याने आधी हे गणित मांडायला हवे. समीक्षांत ते क्वचितच सापडते.

याहून वाईट गोष्ट म्हणजे 'पीएमपीओ'. 1990 च्या दशकात टू-इन-वनच्या दर्शनी भागावर हा आकडा शेकड्यांत, हजारांतही छापला जाई. एखाद्या यंत्रावर पुढे 1000 वॅट आणि मागच्या पट्टीवर 'विजेचा वापर 30 वॅट' असे लिहिले असेल, तर ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकलेल्या मुलाने तिथेच थांबावे. कोणी म्हणेल, आतल्या धारित्रात साठवलेली ऊर्जा आहेच की! 4700 मायक्रोफॅरडचे धारित्र 20 व्होल्टला प्रभारित केले, तर त्यात सुमारे 0.94 ज्यूल ऊर्जा मावते. ती सगळी वापरली, तरी 1000 वॅट एक सहस्रांश सेकंदसुद्धा टिकत नाहीत. अमेरिकेत व्यापार आयोगाने 1974 साली शक्तीचे दावे कसे करावेत याचा नियम केला. 2024 साली तो सुधारून 8 ओहमचा भार, 20 ते 20,000 हर्ट्झ ही कक्षा आणि 1 टक्क्याहून कमी विकृती अशा ठरावीक अटी घातल्या. अटींशिवाय दिलेल्या वॅटच्या आकड्याला अर्थ नाही, हेच या नियमामागचे तत्त्व आहे.

दुसरा आवडता आकडा 'डॅम्पिंग फॅक्टर'. स्पीकरचा रोध भागिले अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध, असा तो काढतात. तो 200 वरून 400 झाला, की खर्ज घट्ट होतो असे सांगितले जाते. पण वाटेत तार असते. 1 चौरस मिलिमीटर तांब्याची तार 5 मीटर अंतर जाऊन-येऊन 10 मीटर भरते आणि तिचा रोध सुमारे 0.175 ओहम होतो. तो धरला, तर 8 ओहमच्या स्पीकरसाठी 200 चे होतात 37 आणि 400 चे होतात 41! भरीस, स्पीकरच्या वेटोळ्याचा स्वतःचा रोध या सगळ्याहून कितीतरी मोठा असतो.

आकडे बाजूला ठेवून कानाला विचारले तर? अमेरिकेच्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने जानेवारी 1987 च्या अंकात अशी एक चाचणी छापली. 220 डॉलरपासून 12,000 डॉलरपर्यंतचे सहा अ‍ॅम्प्लिफायर घेतले आणि आवाजाची पातळी जुळवून, कोणते यंत्र वाजते आहे हे न सांगता श्रोत्यांना ऐकवले. उत्तरे नाणे उडवून मिळावीत तशीच आली. किमतीतला पन्नासपटींहून मोठा फरक कानांना ओळखता आला नाही.

या चाचणीचा आधार घेऊन 'सगळे अ‍ॅम्प्लिफायर सारखेच' असे म्हणणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. फरक आढळला नाही, याचा अर्थ फरक असूच शकत नाही असा होत नाही. निष्कर्ष त्या यंत्रांपुरता, त्या स्पीकरांपुरता आणि त्या पातळीपुरता असतो. बीबीसीच्या एलएस 3/5ए सारख्या स्पीकरची संवेदनशीलता 83 डेसिबलच्या आसपास आहे. 91 डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज हवा असेल, तर त्याला सहापटींहून अधिक शक्ती द्यावी लागते. दुबळा अ‍ॅम्प्लिफायर तिथे तरंगाची शिखरे छाटतो आणि आवाज फाटतो. काही व्हॉल्व्ह यंत्रांचा अंतर्गत रोध इतका जास्त असतो, की स्पीकरप्रमाणे आवाजाचा तोल बदलतो. अशा ठिकाणी यंत्र बदलणे योग्यच. समीक्षकाने नेमके हेच सांगायला हवे : कोणता स्पीकर, केवढी खोली, किती पातळी, आणि तुलना करताना दोन्ही आवाज समान केले होते का?

ही शेवटची अट किरकोळ नाही. वर्गात पडताळून पाहा. एकच यंत्र, एकच गाणे घ्या. पंधरा सेकंदांचा तुकडा दोनदा वाजवा, पण एकदा स्पीकरच्या टोकांवरचा व्होल्टेज बारा टक्क्यांनी, म्हणजे आवाज 1 डेसिबलने वाढवा. कोणता आधी, ते नाणे उडवून ठरवा. मुलांना फक्त 'अधिक चांगला कोणता?' एवढेच लिहायला सांगा. असे दहा वेळा करा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक वेळा जोराचाच तुकडा निवडला जाण्याची शक्यता 1024 त 11, म्हणजे जेमतेम एक टक्का असते. तेवढ्या वेळा जोराचाच तुकडा निवडणारी मुले आढळली, तर 'मोठा' हाच 'चांगला' कसा वाटतो हे वर्गाला समजेल. मग दुकानदार नवे यंत्र किंचित मोठ्याने का लावतो, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आमचा आक्षेप हौसेला नाही. ज्याला नवे यंत्र घ्यायचे त्याने जरूर घ्यावे. पण पैसे मोजण्याआधी संवेदनशीलता, अंतर आणि शक्ती यांचा हिशेब कागदावर मांडावा आणि डोळ्यांवर पडदा ठेवून ऐकावे. बहुतेक घरांत स्पीकरची जागा बदलणे, उघड्या भिंतीला जाड पडदा लावणे, हे अधिक लाभाचे ठरते. त्याला खर्चही फार येत नाही.