वेळेचा सरकारी हिशेब

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीचा अहवाल रुक्ष खरा. तरी प्रत्येक गृहस्थानें तो वाचावा. पहांटे चारपासून दुसऱ्या पहांटेपर्यंतचा दिवस अर्ध्याअर्ध्या तासांनीं मोजण्याची त्याची रीत उत्तम आहे. मात्र त्यांतील जे आंकडे सर्वतोमुखीं झाले, तेच फसवे आहेत. बिनपगारी घरकामांत स्त्रियांचीं रोज २९९ मिनिटें जातात व पुरुषांचीं ९७. हे पुरुष कोणते? त्या दिवशीं ज्यांनीं घरकामास हात लावला तेवढेच. शंभरांत अवघे सव्वीस! उरलेल्यांसही हिशेबांत घेतलें, कीं ९७ चीं २५ होतात. स्त्रियांचीं मात्र २४३ राहतात. २०२४ च्या पाहणींतील २८९ व ८८ या आंकड्यांसही हाच आक्षेप आहे. परदेशांशीं तुलना करणाऱ्यांनीं तर फारच जपावें: जपानी पुरुषांचीं २०१६ सालचीं ४१ मिनिटें सर्वांवर वांटलेलीं असून त्यांत मुलांची देखभालही आली.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. पनवेलहून मुंबईस नोकरीला जाणाऱ्या स्त्रीचा एका वेळचा प्रवास सव्वा तासाहून अधिक. परततांना गाडींतच कित्येकजणी रात्रीची भाजी निवडतात. प्रवास एक, स्वयंपाकाची तयारी दुसरी. पण दिवसाचीं मिनिटें १४४० च असल्यामुळें दोन्ही कामें मिळून वहींत तोच एक अर्धा तास पडतो.