यंत्र उत्तर देते तेव्हा

वडूजसारख्या तालुक्याच्या गावी नववीतल्या मुलीला संगणकाची आज्ञावली लिहायला शिकायचे असेल, तर तिने काय करावे? वर्गाची फी आणि इंग्रजी पुस्तक या दोन अडथळ्यांपाशीच अनेकांची उमेद संपते. हे अडथळे कमी करणारी दोन साधने आज हाताशी आहेत: मुंबईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' आणि 'आर्डुइनो' हा छोटा बोर्ड. दोघांची पारख आपण एकाच कसोटीवर करू. विद्यार्थी चुकला, तर ती चूक त्याची त्याला सापडते का?

'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे सुमारे दहा मिनिटांचे, विनामूल्य, आणि त्यांतले अनेक मराठी आवाजात आहेत. ऐकायचे, थांबवायचे, तेच आपल्या संगणकावर करून पाहायचे, ही पद्धत शिक्षक जवळ नसतानाही चालते. सी भाषेच्या धड्यांत नेहमी होणाऱ्या चुका मुद्दाम करून दाखविल्या आहेत, हे आम्हांला विशेष आवडले. पण अर्धविराम राहिला, कंस राहिला, या भाषेच्या चुका झाल्या. पडद्यावरचे तसेच्या तसे उतरविणाऱ्याला 'जमले' असे वाटते. विचार मात्र दुसऱ्याचाच असतो.

आर्डुइनोचा जन्म 2005 साली इटलीतील इव्रेया येथे झाला. त्याचा आराखडा सर्वांना खुला असल्याने इतरांनी बनविलेले बोर्ड काही शे रुपयांत मिळतात. येथे आज्ञावलीची परीक्षा पडद्याबाहेर होते. एक प्रयोग पाहा. कुंडीतल्या मातीत दोन खिळे थोड्या अंतरावर रोवा. एक बोर्डाच्या डिजिटल पिनेला जोडा, दुसरा अ‍ॅनालॉग पिनेला. अ‍ॅनालॉग पीन आणि ग्राउंड यांच्यामध्ये 10 किलोओहमचा रोध लावा. डिजिटल पीन चालू केली, की बोर्ड 0 ते 1023 मधला आकडा देतो. माती ओली असेल तर वीज सहज वाहते आणि आकडा वाढतो.

पीन सतत चालू ठेवली, तर विद्युत्-अपघटनाने एक खिळा गंजू लागतो आणि पुढे आकडे फसवे येतात. आज्ञावलीत व्याकरणाची एकही चूक नसते, तरी ती चुकीची ठरते! मोजण्यापुरतीच पीन चालू करावी, हा उपाय मुलांना स्वतः सुचला, तर ते खरे शिकणे. मातीत मीठ मिसळले, तर आकडा का बदलतो? हा पुढचा प्रश्न.

आर्डुइनोतही उणीव आहे. तयार उदाहरणे इतकी आहेत, की तेथेही नक्कल सोपी. शिवाय आज्ञा इंग्रजी आणि समजावणारे साहित्यही बहुतेक इंग्रजीतच. म्हणून आमचा कौल असा: धडा मराठीतून ऐकावा, हात बोर्डावर चालावा, आणि शिक्षकांनी प्रत्येक तयार आज्ञावलीतील एक ओळ बदलून 'आता काय होईल?' असे आधी विचारावे. शिक्षकाला उत्तर ठाऊक असलेच पाहिजे असे नाही.

काम करता करता शिकण्याचा हा मार्ग आपल्याकडे नवा नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो 1983 पासून चालवून दाखविला. पर्जन्यछायेतल्या खटाव तालुक्यात पाण्याचे मोल मुलांना शिकवावे लागत नाही. मातीची ओल मोजणारी आज्ञावली त्यांना परकी वाटणार नाही. पहिल्या बोर्डाचा खर्च शाळेने उचलावा. खिळे मुले आणतील.