डॉ. सुशीला नय्यर यांची 'कारावास-कहानी' : एका साधनाचें परीक्षण

आगाखान महालांतील स्थानबद्धतेची जी हकीकत डॉ. सुशीला नय्यर यांनीं 'बापू की कारावास-कहानी' या नांवानें हिंदींत प्रसिद्ध केली, तिचा उपयोग भाविकांनीं पुष्कळ केला, संशोधकांनीं त्या मानानें थोडा. लेखिका पुढें १९६२ पासून १९६७ पर्यंत भारत सरकारच्या आरोग्यमंत्री होत्या. त्यामुळें चरित्रकारांस हा ग्रंथ म्हणजे त्यांच्या उत्कर्षाची पहिली पायरी वाटतो. सेवाग्रामची सेविका, मग महात्म्याची वैद्य, मग मंत्री, अशी सरळ चढण ते दाखवितात. आमच्या मतें ग्रंथांतून निघणारें चित्र इतकें सरळ नाहीं.

सुशीलाबाईंचा जन्म १९१४ चा, पंजाबांतील कुंजाह येथला. दिल्लीच्या लेडी हार्डिंज विद्यालयांत त्या वैद्यक शिकल्या. बंधु प्यारेलाल हे गांधीजींचे चिटणीस. ता. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईंत कस्तुरबांबरोबर त्यांना अटक झाली व आर्थर रोडच्या तुरुंगांतून ता. ११ रोजीं त्यांस पुण्यास आणलें. चारच दिवसांनीं, ता. १५ रोजीं, महादेवभाई देसाई अकस्मात् वारले. त्या प्रसंगीं उपचार करणाऱ्या वैद्य याच, आणि प्रसंग लिहून ठेवणाऱ्याहि याच. तुरुंगखात्याचे कर्नल भंडारी त्या वेळीं महालांतच होते व तेहि वैद्यकी पेशाचे, ही गोष्ट वाचकांच्या सहसा ध्यानांत राहत नाहीं. म्हणजे या घटनेचा जाणता साक्षीदार एकच नव्हता.

बखर आणि रोजनिशी यांतील भेद या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. प्रस्तुत ग्रंथांत दोन्ही एकाच शाईनें लिहिलेलीं आहेत. दुखणें, पथ्य, झोंप, फिरणें, कस्तुरबांचा कॅरमचा डाव, असा मजकूर येतो तेथें लेखणी कारकुनाची आहे, आणि तिच्यावर विश्वास ठेवण्यास प्रत्यवाय नाहीं. जेथें शिष्येचें मन दाटून येतें तेथें बखर सुरू होते. हा दोष म्हणून आम्ही सांगत नाहीं. पण ही सीमा ओळखल्यावांचून उतारे घेऊं नयेत.

ता. १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ च्या उपवासाचें उदाहरण घ्या. प्रकृतिपत्रकांवर सरकारी वैद्यांच्या सह्या होत्या, तशाच डॉ. गिल्डर, डॉ. बिधनचंद्र रॉय व सुशीलाबाई यांच्याहि होत्या. गिल्डर हे १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळांत आरोग्यमंत्री होऊन गेलेले, रॉय पुढें बंगालचे मुख्यमंत्री व्हावयाचे, आणि सुशीलाबाई केंद्राच्या मंत्री. एका रोग्याच्या उशाशीं तीन मंत्रिपदें उभीं होतीं असें गमतीनें म्हणतां येईल! मोसंब्याच्या रसावरून विरोधकांनीं पुढें गवगवा केला; परंतु पाणी पिववत नाहीं म्हणून त्यांत आंबट फळांचा रस घालणार, हें गांधीजींनीं व्हाइसरॉयास उपवासापूर्वींच कळविलें होतें. तें पत्र छापील पत्रव्यवहारांत आहे. रोजनिशीशेजारीं तें ठेवलें म्हणजे वाद उरत नाहीं.

खरी कसोटी कस्तुरबांच्या अखेरच्या दुखण्याची. वैद्य शिवशर्मा यांस रात्रीं महालांत राहूं देईनात, म्हणून ते फाटकाबाहेर मोटारींत निजत. ही हकीकतहि त्या पत्रव्यवहारांत मिळते. युद्धामुळें दुर्मिळ झालेलें पेनिसिलीन देवदास गांधींनीं विमानानें आणविलें. तें दर कांहीं तासांनीं टोंचून द्यावें लागतें हें कळतांच गांधीजींनीं संमति दिली नाहीं, आणि ता. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं कस्तुरबा गेल्या. त्या औषधानें त्या वांचल्या असत्या काय, हा वैद्यकाचा प्रश्न. हृदय आधींच थकलेलें होतें. इतिहासाचा प्रश्न निराळा आहे. ज्या गांधीजींनीं जानेवारी १९२४ मध्यें याच पुण्यांत ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांच्या हातून शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांच्यापुढें आधुनिक वैद्यक शिकलेली शिष्या काय बोलली आणि काय गिळून राहिली? ग्रंथ येथें वैद्याच्या दृष्टीनें फार थोडकें बोलतो. इतरत्र बारीकसारीक टिपणाऱ्या लेखणीचें हें आंखडणें आम्हांस बोलकें वाटतें.

पुढील कारकीर्द थोडक्यांत अशी. अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स येथें सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण, मग दिल्ली राज्यांत मंत्रिपद, १९५७ पासून झांशीहून लोकसभा, नंतर केंद्र. कृत्रिम संततिनियमनाचा गांधीजींनीं आजन्म विरोध केला. १९३५ च्या डिसेंबरांत वर्ध्यास मार्गारेट सँगर बाईंसहि त्यांनीं तेंच सांगितलें. आणि १९६५ सालीं गर्भाशयांत बसविण्याचा 'लूप' सरकारी योजनेंत आला तेव्हां आरोग्यखातें सुशीलाबाईंकडे होतें. महालांत गुरूच्या शब्दापुढें वैद्य मागें सरली. येथें गुरूच्या मतापुढें खातें मागें सरलें नाहीं. चरित्रकारांच्या सरळ चढणींत हें वळण कोठेंच बसत नाहीं. मंत्रिपद गेल्यावर १९६९ मध्यें त्यांनीं सेवाग्रामासच वैद्यकीय महाविद्यालय काढलें, तेंहि गांधीजींच्या नांवानें.

एक सूचना संग्राहकांस. छापलेली प्रत गांधीजींच्या निधनानंतरची आहे. ती मूळ टिपणांच्या बरोबरीची धरूं नये. ज्यांच्या संग्रहीं पहिली हिंदी आवृत्ति असेल त्यांनीं १९४२-४४ चा छापील सरकारी पत्रव्यवहार शेजारीं घेऊन तारीखवार ताडून पाहावी, आणि आरंभ १९४४ च्या फेब्रुवारीपासून करावा.